एका पायावर किती वेळ?



बाभळीचा काटा कुणाच्या पायात मोडत नाही? काटा मोडला की आपण उभ्या उभ्याच एक पाय उचलतो, तळवा दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घेतो आणि नखाने काटा ओढून काढतो. आता जरा आठवून पाहा. विसाव्या वर्षी असा काटा काढताना तुम्ही बांधावर मोकळे उभे राहत होता. आज तुमचा दुसरा हात कुठे जातो? झाडाच्या बुंध्याला? गाडीच्या चाकाला? की सरळ खाली बसूनच काटा काढता?

आधार शोधायला हात नेमका कोणत्या वर्षी लागला, हे कुणालाच सांगता येत नाही. तीच गोष्ट कपडे घालताना. पूर्वी विजारीत पाय उभ्यानेच जायचा, आता पलंगाच्या कडेवर टेकावे लागते. कंबर दुखली तर आपण शेक घेतो. दात दुखला तर तालुक्याला जातो. तोल मात्र दुखत नाही, खुपत नाही. तो मुकाट्याने कमी होत जातो आणि एक दिवस ओल्या मोरीत पाय सरकला म्हणजे मगच कळते की तो केव्हाच कमी झाला होता.

म्हणून आजचे सांगणे एवढेच. तोल मोजता येतो. तो घरच्या घरी, फुकटात, पाच मिनिटांत मोजता येतो. आणि वेळेवर मोजला तर बराचसा परतही मिळवता येतो. एखाद्या कामाला आपण "एका पायावर तयार" आहोत असे म्हणतो. आज खरोखरच एका पायावर उभे राहून पाहू.

चुलीचे तीन दगड

आधी तोल म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण स्थिर उभे आहोत असे आपल्याला वाटते, पण शरीर खांबासारखे स्थिर कधीच नसते. ते सारखे किंचित पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे झुलत असते. प्रत्येक झोक्याबरोबर घोट्याचे, पोटरीचे, कमरेचे स्नायू त्याला ओढून जागेवर आणतात. उभे राहणे म्हणजे क्षणोक्षणी पडणे आणि क्षणोक्षणी सावरणे. डोंबाऱ्याची पोर दोरीवर काठी हलवत चालते, तेच काम आपले शरीर जमिनीवर गुपचूप करीत असते.

शरीर कुठे झुकले याची बातमी मेंदूला तीन ठिकाणांहून जाते. पहिले ठिकाण डोळे. दुसरे ठिकाण कानाच्या आतला भाग. तिथे बारीक अर्धगोल नळ्यांत पाणी असते आणि डोके वळले की त्या पाण्याच्या हालचालीवरून मेंदूला ते कळते. तिसरे ठिकाण पायांचे तळवे, सांधे आणि स्नायू. जमीन भुसभुशीत आहे की टणक, उताराची आहे की सपाट, हे तळवा न पाहता सांगतो.

हे तीन म्हणजे चुलीचे तीन दगड समजा. तिन्ही जागेवर असले की भांडे निश्चिंत बसते. एक दगड थोडा खचला तरी आपण भांडे जरा फिरवून बसवतो आणि स्वयंपाक चालू राहतो. तोलाचेही तसेच आहे. तळव्यांची जाणीव कमी झाली तर डोळे ते काम सांभाळून घेतात. म्हणून दिवसाउजेडी काहीच जाणवत नाही. पण रात्री वीज आली म्हणून पिकाला पाणी द्यायला अंधारात निघालात, डोळ्यांचा आधार सुटला, की पाटाच्या काठावर पाय चुकतो. मग आपण चिखलाला दोष देतो.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनला मोरिट्झ रोमबर्ग नावाचे डॉक्टर होते. काही रोगी डोळे उघडे असताना नीट उभे राहतात आणि डोळे मिटताच डोलू लागतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले. पाय जुळवून डोळे मिटून उभे करण्याची ती परीक्षा त्यांच्याच नावाने आजही जगभरचे डॉक्टर घेतात. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ज्याला झोक जातो, त्याने ही गोष्ट किरकोळ समजू नये.

पडण्याचे मोल काय?

पडणे ही म्हातारपणाची एक रीतच आहे, असे आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. आणि यातली शेकडा ८० हून अधिक माणसे आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम मिळकतीच्या देशांतली असतात.

गावात तर हे आकडेही लागत नाहीत. खुब्याचे हाड मोडलेली आजी कोणत्या घरात पाहिली नाही? शस्त्रक्रियेला पैसे उभे करायचे, जिल्ह्याच्या गावी कुणीतरी मुक्काम करायचा, आणि हे सगळे नेमके सुगीच्या दिवसांत. पैशांपेक्षाही मोठे नुकसान दुसरेच असते. एकदा पडलेले माणूस पडण्याला भिते. भीतीने ते हिंडणे-फिरणे कमी करते. हिंडणे कमी झाले की पाय आणखी कमजोर होतात, आणि कमजोर पायांनी ते पुन्हा पडते. हा फेरा तोडायचा तर तो पहिल्या पडण्याच्या आधी तोडायला हवा.

यात एक अडचण आहे, ती घरातल्या कर्त्यांनी ओळखावी. वडीलधारी माणसे तोल गेल्याचे सांगत नाहीत. "काही नाही रे, जरा पाय अडखळला," एवढ्यावर ती विषय संपवतात. आपल्याला घरात बसवून ठेवतील, गोठ्यात जाऊ देणार नाहीत, अशी धास्ती त्यांना असते. तेव्हा त्यांना एकट्यांना परीक्षेला उभे करू नका. आजोबांपासून कॉलेजात जाणाऱ्या नातवापर्यंत घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून ही मोजणी करावी. मग ती तपासणी वाटत नाही, लंगडीच्या डावासारखी गंमत होते.

मोजायचे कसे?

सपाट, कोरडी जागा घ्या. ओसरी किंवा सारवलेले वाळलेले अंगण चांगले. पाय अनवाणी असावेत. लुगडे, साडी किंवा धोतर घोट्याच्या वर खोचून घ्यावे. भिंत, खांब किंवा जड खुर्ची हाताशी असावी आणि शेजारी एक धडधाकट माणूस उभे असावे. सेकंद मोजायला सेकंदकाट्याचे घड्याळ किंवा मोबाईल चालेल. ज्यांना आज चक्कर येते आहे, ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे किंवा जे काठीशिवाय उभेच राहू शकत नाहीत, त्यांनी या मोजणीत उतरू नये.

पहिली मोजणी चार पायऱ्यांची. ती साठीच्या पुढच्यांसाठी विशेष चांगली. पहिल्या पायरीला दोन्ही पाय जुळवून उभे राहा. दुसऱ्या पायरीला एक पाय अर्धा पुढे घ्या, म्हणजे त्याची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला बाजूने लागेल. तिसऱ्या पायरीला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांपुढे, एका रेषेत. चौथ्या पायरीला एका पायावर. प्रत्येक पायरीवर १० सेकंद. एक जमली तरच पुढच्या पायरीवर जायचे. ज्या वडीलधाऱ्यांना तिसरी पायरी, म्हणजे टाचेपुढे बोटे ठेवून उभे राहणे, १० सेकंद जमत नाही, त्यांना पडण्याचा धोका जास्त आहे असे डॉक्टर मानतात.

दुसरी मोजणी एका पायाची. हात छातीवर घडी घालून ठेवा. नजर समोर एका खुणेवर लावा. एक पाय उचला, पण तो दुसऱ्या पायाला टेकवू नका. उचललेला पाय जमिनीला लागला, हाताची घडी सुटली किंवा उभा पाय जागचा हलला, की घड्याळ थांबवा. ४५ सेकंद झाले की पुरे. तीनदा करा आणि तिन्हींची सरासरी काढा. धडधाकट तरुणांनी हीच मोजणी डोळे मिटूनही करावी, मात्र शेजारी माणूस हवेच. डोळे उघडले की तिथे घड्याळ थांबवायचे.

आता तुमचा आकडा कशाशी ताडून पाहायचा? अमेरिकेत ५४९ निरोगी माणसांची अशीच मोजणी झाली आणि ती २००७ साली छापून आली. तिच्यातली सरासरी अशी :

वय १८ ते ३९ : डोळे उघडे ४३ सेकंद, डोळे मिटून ९ सेकंद
वय ४० ते ४९ : डोळे उघडे ४० सेकंद, डोळे मिटून ७ सेकंद
वय ५० ते ५९ : डोळे उघडे ३७ सेकंद, डोळे मिटून ५ सेकंद
वय ६० ते ६९ : डोळे उघडे २७ सेकंद, डोळे मिटून ३ सेकंद
वय ७० ते ७९ : डोळे उघडे १५ सेकंद, डोळे मिटून २ सेकंद
वय ८० च्या पुढे : डोळे उघडे ६ सेकंद, डोळे मिटून १ सेकंद

हा तक्ता जरा थांबून वाचा. पन्नाशीपर्यंत उघड्या डोळ्यांचा आकडा जेमतेम हलतो. साठीनंतर तो घसरतो आणि सत्तरीत जवळजवळ निम्मा होतो. पण उजवीकडचा आकडा पाहा. डोळे मिटले की पन्नाशीतच तो तरुणपणाच्या निम्म्यावर येतो. म्हणजे घसरण साठीत सुरू होत नाही. ती आधीच सुरू झालेली असते आणि डोळे ती झाकून ठेवत असतात. चुलीचा दगड खचलेला असतो, आपण भांडे फिरवून बसवलेले असते.

आणखी एक गोष्ट या मोजणीत दिसली. पुरुष आणि बाया यांच्यात फरक आढळला नाही. फरक वयाचा होता. तेव्हा "बाईमाणसाला कसले जमतेय" असे कुणी म्हणाले तर त्यालाच आधी उभे करा.

तिसरी मोजणी उठून चालण्याची. खुर्चीवर बसा. तिथून ३ मीटरवर, म्हणजे साधारण साडेसहा हातांवर, जमिनीवर खडूने किंवा कोळशाने रेघ ओढा. "चला" म्हटले की उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे आणि बसायचे. नेहमी काठी घेऊन चालत असाल तर इथेही घ्या. ही परीक्षा कॅनडातल्या दोघा संशोधकांनी १९९१ साली या रूपात मांडली आणि आज ती सर्वत्र वापरतात. वडीलधाऱ्या माणसाला यासाठी १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर त्यांच्या तोलाकडे लक्ष द्यायला हवे. मोजताना नुसते घड्याळ पाहू नका, वळण कसे घेतात तेही पाहा. पुष्कळ माणसे सरळ चालीत छान असतात आणि वळताना डळमळतात.

चौथी मोजणी तर आपल्याच घरातली वाटावी. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. ब्राझील देशातल्या डॉक्टरांनी तिला गुण दिले आहेत : बसण्याला ५ आणि उठण्याला ५. हात, कोपर किंवा गुडघा टेकवून आधार घेतला की दर आधाराला १ गुण वजा, आणि नुसता झोक गेला तर अर्धा गुण वजा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर माणसांची अशी परीक्षा घेऊन त्यांनी २०१२ साली सांगितले की ज्यांचे गुण जास्त, ती माणसे पुढची वर्षे जास्त जगली. आपली जुनी माणसे पाटावर मांडी घालून जेवत आणि दिवसातून वीसदा खाली बसून उठत. आता घरोघरी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. खुर्चीला नावे ठेवायची नाहीत, गुडघे दुखणाऱ्याला ती हवीच. पण ज्याचे गुडघे चांगले आहेत त्याने बसण्या-उठण्याची सवय का मोडावी?

"आम्हाला काय होतंय?"

इथे कुणी म्हणेल, "अहो, हे शहरातल्या बसून काम करणाऱ्यांना सांगा. आम्ही दिवसभर शेतात राबतो. मणाचं पोतं अजून पाठीवर घेतो. आमचा तोल कशाला जातोय?"

ही समजूत नीट तपासली पाहिजे, कारण घात इथेच होतो. ताकद आणि तोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात पन्नाशीच्या पुढच्या ४० निरोगी माणसांच्या हाताची पकड, गुडघ्याची ताकद, चाल आणि तोल हे सगळे तपासले. २०२४ साली त्याचा निष्कर्ष आला. वयाबरोबर ताकद थोडी थोडी कमी झालेली दिसली. चालण्यात तर फरक जाणवला नाही. सगळ्यांत जास्त घसरण एका पायावर उभे राहण्यात होती. दुबळ्या बाजूच्या पायावरचा वेळ दर दहा वर्षांनी सुमारे २ सेकंदांनी कमी होत होता. म्हणजे पोते उचलता येते आणि चालही जोरकस आहे, यावरून तोलही शाबूत आहे असे धरता येत नाही.

शेतातले काम तोलाला चांगलेच. ढेकळांतून चालणे, बांध ओलांडणे, डोक्यावर घागर घेऊन चढण चढणे, हा तोलाचा रोजचा सरावच आहे. पण आता पाहा, त्यातले किती उरले? पाणी नळाने दारात येते. नांगरट ट्रॅक्टर करतो. शेतावर मोटारसायकल जाते. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले, कुणालाही पुन्हा घागर उचलायला सांगायचे नाही. पण त्या कष्टांबरोबर नकळत होणारा सरावही गेला. तो आता जाणूनबुजून करावा लागेल.

आणि ज्यांना अजून धोक्याची कामे आहेत, त्यांनी तर तोल मोजलाच पाहिजे. विहिरीच्या पायऱ्या, गंजीवर चढून वैरण काढणे, नारळीवर किंवा आंब्यावर चढणे, ओल्या बांधावरून भारा घेऊन येणे, या ठिकाणी चुकलेल्या पायाला दुसरी संधी नसते. घरातला कोण गंजीवर चढणार, हे वयावरून किंवा मानावरून ठरवू नका. ओसरीवरच्या मोजणीवरून ठरवा.

१० सेकंदांचा अर्थ

ब्राझीलच्याच डॉक्टरांची आणखी एक पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांना त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली : १० सेकंद एका पायावर उभे राहा. उचललेला पाय दुसऱ्या पोटरीच्या मागे लावायचा, हात बाजूला सोडायचे, नजर समोर. तीनदा प्रयत्न करण्याची मुभा होती. दर पाचात एकाला ते जमले नाही. ५१ ते ५५ वयात न जमणारे शेकडा ५ होते, ६१ ते ६५ वयात शेकडा १८, आणि ७१ ते ७५ वयात शेकडा ५४, म्हणजे निम्म्याहून अधिक.

त्यानंतर सरासरी ७ वर्षे या माणसांवर लक्ष ठेवले. ज्यांना १० सेकंद जमले होते त्यांच्यातले शेकडा ४.६ या काळात वारले. ज्यांना जमले नव्हते त्यांच्यातले शेकडा १७.५ वारले. न जमणाऱ्यांत वयस्क आणि आजारी माणसे अधिक होती, मधुमेही तर पुष्कळ होते. पण वय आणि आजार यांचा हिशेब वजा केल्यावरही त्यांच्यात मृत्यूचा धोका शेकडा ८४ ने जास्त निघाला.

हे वाचून घाबरू नका. पाय डळमळला म्हणून कुणी मरत नाही. विहिरीतले पाणी खाली गेलेले दिसले तर विहिरीने दुष्काळ आणला असे आपण म्हणत नाही. पण पातळी पाहून पुढची तजवीज करतो. एका पायावरचे १० सेकंद ही शरीराच्या विहिरीची पातळी आहे. आजार, औषधे, कमजोरी, कमी हालचाल या साऱ्यांचा मिळून जो परिणाम होतो, तो इथे एका जागी दिसतो.

वर दिलेले सरासरीचे आकडेही देवाची रेघ नव्हेत. सरासरी म्हटली की कुणी तिच्या वर, कुणी खाली असणारच. एखाद्या साठीच्या गृहस्थाचे २७ ऐवजी २२ सेकंद भरले तर रात्रीची झोप घालवू नये. शेजाऱ्याशी पैज लावण्यापेक्षा आपला आकडा आपल्याच मागच्या आकड्याशी ताडावा. गेल्या वर्षी ३० होते आणि यंदा १२ झाले, तर मात्र कारण शोधायला हवे.

डॉक्टरकडे केव्हा जायचे?

तोल कमी होण्याची काही कारणे वयाची असतात, तर काही औषधाने बरी होणारी असतात. म्हणून "वय झालं" म्हणून गप्प बसू नका.

तळव्यांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही, कापसावरून चालल्यासारखे वाटते, असे असेल तर रक्तातली साखर तपासा. तसेच ब-१२ जीवनसत्त्वही तपासा. ज्यांच्या खाण्यात मांस, मासे, अंडी नाहीत आणि दूधही जेमतेम आहे, त्यांच्यात ते कमी पडते आणि पायांच्या शिरांवर परिणाम होतो. वेळेवर उपाय केला तर गुण येतो.

अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना घर गरगर फिरते, आणि थोड्या वेळाने थांबते, तर ते बहुधा कानातले असते. त्यावर डॉक्टर डोके ठरावीक रीतीने वळवून उपचार करतात आणि पुष्कळदा एक-दोन खेपांत आराम पडतो. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब बसून आणि उभ्याने असा दोन्ही वेळा मोजून घ्या. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी असे होऊ शकते. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू असेल तर तो चुलीचा एक दगडच समजा, ऑपरेशन लांबवू नका. आणि दारूने जाणाऱ्या तोलाला मोजणीची गरज नाही, तो साऱ्या गावाला दिसतो.

दोन वेळी मात्र थांबायचे नाही. एकाएकी तोल गेला, त्याबरोबर तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्या. दुसरी वेळ फवारणीची. औषध फवारल्यावर चक्कर, घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांना अंधुक दिसणे असे काही झाले, तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठा.

गेलेला तोल परत कसा मिळवायचा?

आता चांगली बातमी. तोल सरावाने सुधारतो, आणि तो सत्तरीतही सुधारतो. जगभरच्या १०८ चाचण्या एकत्र करून २०१९ साली एक मोठा आढावा घेतला गेला. त्यांत साठीच्या पुढची २३ हजारांहून अधिक माणसे होती. जी माणसे नियमाने व्यायाम करीत होती, त्यांचे पडण्याचे प्रमाण सुमारे शेकडा २३ ने कमी झाले. त्यात तोलाचे आणि उठबशीसारखे रोजच्या हालचालींचे व्यायाम विशेष उपयोगी ठरले. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस असा सराव करायला सांगते. पण साठी-पासष्टीची वाट पाहायची गरज नाही. पन्नाशीतच सुरुवात केलेली बरी.

यासाठी काही विकत आणायचे नाही. पुढचे चार व्यायाम पुरेत.

सकाळी दात घासताना खांबाजवळ उभे राहा. आधी डाव्या पायावर, मग उजव्या पायावर, दहा-दहा सेकंद. सुरुवातीला एक हात खांबाला, काही दिवसांनी एक बोट, मग नुसता खांब जवळ. सवय झाली की वेळ वाढवा.

ओसरीच्या भिंतीच्या कडेने टाचेपुढे बोटे ठेवीत दहा पावले जा आणि तसेच परत या. नजर पायाकडे नको, समोर हवी.

खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठा-बसा. उठताना घाई नको, बसताना तर मुळीच नको. धप्पकन बसणे म्हणजे मांड्यांनी काम सोडून देणे.

भिंतीला हात लावून टाचा उचला, चवड्यांवर उभे राहा, हळू खाली या. दहा वेळा. पोटऱ्या मजबूत असल्या की अडखळलेला माणूस सावरतो.

तरुण मुलामुलींना निराळा व्यायाम सांगायला नको. त्यांना लंगडी खेळू द्या, फुगडी घालू द्या, दोरीवरच्या उड्या मारू द्या. नागपंचमीला अंगणात फुगडी घालणाऱ्या पोरींना "पुरे आता" म्हणू नका. त्या पुढच्या पन्नास वर्षांची बेगमी करीत असतात.

याबरोबर घराकडेही एक नजर टाका. मोरीतल्या दगडावरचे शेवाळ खरवडून काढा. तिथे भिंतीत धरायला एक गज बसवा. ओसरीच्या पायऱ्यांना एका बाजूने तरी धरायला काही असू द्या. रात्री उठण्याच्या वाटेवर बारीक दिवा ठेवा. गुरांचे दावे आणि पाण्याची नळी वाटेत पसरलेली नको. झिजून गुळगुळीत झालेली चप्पल उकिरड्यावर टाका, "घरात वापरायला होईल" म्हणून ती आजोबांना देऊ नका. आणि रात्री पाणी द्यायला जाणाराने विजेरी हातात घेण्यापेक्षा डोक्याला बांधावी, म्हणजे दोन्ही हात सावरायला मोकळे राहतात.

येत्या सुट्टीच्या दिवशी घरातली सगळी माणसे असतील तेव्हा ही मोजणी करा. धाकट्याच्या हाती घड्याळ द्या. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या जागेवर प्रत्येकाचे नाव, वय, डाव्या पायाचे सेकंद, उजव्या पायाचे सेकंद आणि तारीख लिहून ठेवा. सहा महिने सराव करा आणि मग पुन्हा त्याच ओसरीवर मोजा. आपण विहिरीची पातळी मोजतो, दुधाची फॅट मोजतो, पाऊस किती मिलिमीटर पडला ते मोजतो. ज्या दोन पायांवर हा सारा संसार उभा आहे, त्यांचा हिशेब वर्षातून दोनदा घ्यायला हरकत नाही.